आरोग्य पाठ : साखर तपासणीच्या यंत्रावरचा आकडा कसा वाचावा?

मोहफुलांच्या दिवसांतली गोष्ट. पहाटे फुले वेचून आलेल्या एका मावशींनी पडवीत बसूनच बोट टोचले. यंत्राने २८७ दाखवले. घरच्यांचे चेहरे उतरले, कोणी जास्तीची गोळी शोधू लागले. आमच्या कार्यकर्तीने मावशींना साबणाने हात धुवायला लावले, हात कोरडे केले आणि पुन्हा तपासले. या वेळी आकडा आला १४२. पहिल्या थेंबात मावशींच्या रक्ताबरोबर मोहाची साखरही मोजली गेली होती. जास्तीची गोळी घेतली असती तर काय झाले असते, हे समजण्यासाठी हा पाठ.

तपासणी नीट कशी करावी?

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता कडेला टोचावे, म्हणजे कमी दुखते. थेंबासाठी बोट जोराने पिळू नये. पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच घट्ट लावावे, कारण पावसाळ्यातील ओल आणि पत्र्याच्या घरातील उष्णता पट्ट्या बिघडवते. मुदत संपलेली पट्टी वापरू नये. एकाची सुई दुसऱ्याला कधीही वापरू नये. वापरलेल्या सुया जाड डब्यात ठेवून आरोग्य केंद्रात द्याव्यात.

यंत्र अगदी अचूक नसते, हेही लक्षात ठेवावे. चांगल्या यंत्रातही सुमारे १५ टक्क्यांचा फरक चालतो. म्हणजे १६० आणि १७५ या दोन आकड्यांत फारसा फरक मानू नये. घरच्या एका आकड्यावरून कोणाला मधुमेह आहे किंवा नाही, असेही ठरवू नये. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणी लागते.

किती आकडा चांगला?

टाइप २ मधुमेह असलेल्या बहुतेक मोठ्या माणसांसाठी साधारण मर्यादा अशा आहेत :

- उपाशीपोटी किंवा जेवणाआधी : ८० ते १३०
- जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी : १८० पेक्षा कमी
- ७० पेक्षा कमी : साखर उतरली आहे, लगेच उपाय करावा
- ५४ पेक्षा कमी : गंभीर धोका

वयस्कर किंवा इतर आजार असलेल्यांसाठी डॉक्टर वेगळी मर्यादा सांगतात. गरोदर बहिणींच्या मर्यादा याहून कडक असतात.

काही जण उपाशीपोटी ११० आले की "साखर गेली" असे समजून गोळ्या सोडतात. तो ११० गोळ्यांमुळे आणि पथ्यामुळे आलेला असतो. गोळी सोडली की आकडा पुन्हा चढतो, आणि तो हळूहळू चढत असल्यामुळे कित्येक दिवस कळतही नाही.

तीन दिवस, सहा पट्ट्या

पट्ट्या महाग असतात. केवळ पथ्यावर किंवा फक्त मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना बहुधा रोज तपासण्याची गरज नसते. डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवस जोडीने तपासावे : पहिल्या दिवशी सकाळी उपाशीपोटी आणि न्याहारीनंतर दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर, तिसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी आणि नंतर. आकड्याशेजारी वेळ, काय खाल्ले, गोळी घेतली का आणि काम किती झाले हे लिहावे. अशा जोडीवरून कोणत्या जेवणाने साखर चढते ते कळते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टर सांगतील तितक्या वेळा तपासावे.

साखर उतरली तर

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी साखर फार उतरू शकते. गोळी घेऊन न खाता मजुरीला जाणे, उपास करणे किंवा रिकाम्या पोटी दारू पिणे अशा वेळी हा धोका वाढतो. घाम, थरथर, धडधड, चक्कर, बरळणे ही लक्षणे. पुष्कळदा लोक "प्यायला आहे" म्हणून माणसाला झोपवून ठेवतात. अशाने जीवही जाऊ शकतो.

शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा ७० च्या वर आला नसेल तर पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर भाकरी किंवा भात खायला द्यावा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

उलट, दोनदा तपासूनही आकडा ३०० च्या वर असेल आणि सोबत उलट्या, धाप किंवा गुंगी असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सिकलसेल असलेल्या घरांसाठी

तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, म्हणजे एचबीए१सी, तांबड्या पेशींवरून केली जाते. सिकलसेलच्या रुग्णांत या पेशी लवकर फुटतात, म्हणून साखर जास्त असूनही अहवाल चांगला दिसू शकतो. अशा रुग्णांसाठी घरची वही अधिक मोलाची ठरते. मात्र रक्त फार कमी असेल तर काही यंत्रे खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात. म्हणून सिकलसेलचे कार्ड आणि साखरेची वही दोन्ही डॉक्टरांना दाखवावी. वाहक असलेल्यांनीही तसे सांगावे.

स्वाध्याय

ग्लिमेपिराइड घेणाऱ्या एका दादांची वही पाहा.
पहिला दिवस : उपाशीपोटी ११८, न्याहारीनंतर १६४.
दुसरा दिवस : दुपारच्या जेवणाआधी ६४ (सकाळी गोळी घेतली, न खाता कामावर गेले), नंतर १७६.
तिसरा दिवस : रात्री जेवणाआधी १२६, नंतर २३८ (दोन ताटे भात).

सर्वांत आधी कशाकडे लक्ष द्याल?

उत्तर : ६४ कडे. दादांनी खाल्ल्याशिवाय कामावर जाऊ नये, आणि ही नोंद डॉक्टरांना लवकर दाखवावी. त्यानंतर २३८ कडे. रात्रीचा भात कमी करून डाळ आणि पालेभाजी वाढवावी, आणि पुन्हा जोडीने तपासावे. सहा आकड्यांची सरासरी १४८ येते. ती पाहून सगळे ठीक वाटते, पण दोन्ही धोके तिच्यात झाकले जातात.

गोळीचे प्रमाण आपण स्वतः बदलू नये. आपले काम वही नीट भरण्याचे आणि ती डॉक्टरांपर्यंत नेण्याचे. पुढच्या गृहभेटीत प्रत्येक कार्यकर्तीने निदान एका घरी अशी वही सुरू करून द्यावी.