डॉर्मचा टॅक्स आणि मांजराचा परवाना

प्रश्न : माझी भाची एमआयटीत शिकते (पुण्याच्या नव्हे, अमेरिकेतल्या). परवा फोनवर म्हणाली, ‘मावशी, मी आमच्या डॉर्मची ट्रेझरर झाले. आता हाउस टॅक्स किती लावायचा यावरून आमची भांडणं चालली आहेत.’ वसतिगृहातल्या पोरांनी कर लावायचा? हे सरकार आहे, की आपल्याकडची मेस कमिटी? — एक वाचक, मिरज

उत्तर : भाची थट्टा करत नव्हती. एमआयटीत पदवीचं शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या प्रत्येक डॉर्मला स्वतःचं निवडून आलेलं मंडळ असतं. अध्यक्ष, खजिनदार ही पदं सगळीकडे. बाकीची डॉर्मगणिक वेगळी. हाउस टॅक्स म्हणजे तिथे राहणाऱ्या प्रत्येकाकडून दर सत्राला घेतली जाणारी रक्कम. ती किती असावी हे मुलं ठरवतात आणि वसूल विद्यापीठ करतं, फीच्या बिलातच लावून. वर्गणीसाठी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायला नको! आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्यांना हे ऐकून हेवाच वाटेल. या पैशांतून पार्ट्या होतात, स्वयंपाकघरात नवी भांडी येतात, सामायिक खोलीतला मोडका सोफा बदलला जातो. भांडणं होतात ती याच सोफ्यावरून. ज्याला पार्टीत रस नाही तो म्हणतो कर कमी करा, आणि ज्याला आहे तो म्हणतो अजून थोडा वाढवा. नगरपालिकेच्या सभेत याहून वेगळं काय चालतं?

या सगळ्या डॉर्मचे अध्यक्ष एकत्र बसतात, त्या मंडळाला डॉर्मिटरी कौन्सिल म्हणतात. मुलांच्या तोंडी ‘डॉर्मकॉन’. जेवणाचे प्लॅन, घरभाडं, नवी इमारत, जुनीची दुरुस्ती अशा विषयांवर विद्यापीठाशी बोलायचं ते यांनी.

आता मेस कमिटीचं. मी पुण्यात वसतिगृहात राहिलो तेव्हा आमच्या मेस सेक्रेटरीकडे दोनच गोष्टी होत्या. एक खाड्याची वही, आणि दुसरी रविवारच्या फीस्टला श्रीखंड की गुलाबजाम हा निर्णय. पोळ्या कच्च्या राहतात ही तक्रार आम्ही एका सत्रात तीनदा लेखी दिली. तिन्ही वेळा रेक्टरसाहेबांनी अर्जावर ‘पाहिले’ असं लिहून खाली सही केली. पण खरी सत्ता त्या वहीत नव्हतीच. ती होती जूनमध्ये नोटीस बोर्डावर लागणाऱ्या यादीत : कोणाला कोणती खोली आणि कोण रूम पार्टनर. पश्चिमेकडची, संडासाशेजारची, पावसात भिंतीला ओल धरणारी खोली नशिबी आली की वर्षभर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ती यादी एक माणूस करायचा, दार लावून.

म्हणून वसतिगृहातल्या कुठल्याही विद्यार्थी सरकारचा दम जोखायचा तर मी एकच गोष्ट विचारतो : खोल्या कोण वाटतं?

एमआयटीत याचं उत्तर मोठं गमतीचं आहे. नवा विद्यार्थी यायच्या आधीच उन्हाळ्यात डॉर्मची पसंती क्रमाने कळवतो. त्याला अंदाज यावा म्हणून प्रत्येक डॉर्मची मुलं स्वतःच्या घराचा व्हिडिओ बनवतात. ऑगस्टच्या अखेरीस नवी मुलं येऊन ठेपली की सुरू होतो ‘रेक्स’, म्हणजे डॉर्म बघत हिंडण्याचे दिवस, आणि त्याचं वेळापत्रक जमवायचं काम डॉर्मकॉनचं. ईस्ट कॅम्पस नावाच्या डॉर्मची पोरं या दिवसांत अंगणात लाकडाच्या फळ्या ठोकून चक्क माणूस बसेल असा रोलर कोस्टर उभा करत आली आहेत. हे सगळं पाहून एखाद्याला वाटलं की आपली पसंती चुकली, तर डॉर्म बदलून मागता येतो. पुढे डॉर्मच्या आत कोणी कुठल्या मजल्यावर, कोणत्या खोलीत राहायचं ही वाटणी बहुतेक ठिकाणी मुलांनीच निवडलेली मुलं करतात.

हे काम किती नाजूक आहे ते बेकर हाउस पाहिलं की कळतं. फिनलंडचे वास्तुरचनाकार आल्वार आल्टो यांनी ही इमारत बांधली, 1949 मध्ये ती पूर्ण झाली. जास्तीत जास्त खोल्यांतून चार्ल्स नदी दिसावी म्हणून त्यांनी सबंध भिंतच नागमोडी केली. भिंत वळली तसे खोल्यांचे आकारही बदलले, कुठे पाचरीसारखी खोली तर कुठे लांबोळी. आता अशा खोल्या विशीच्या आतबाहेरच्या पोरांनी आपसांत वाटायच्या, आणि वाटणारा त्याच जिन्यात रोज भेटणार! रेक्टरवर राग धरून बसता येतं. शेजारच्या खोलीतल्या मुलाशी सकाळी दात घासताना बोलावं लागतं. मला वाटतं, या पद्धतीतली खरी शिस्त इथून येते, नियमावलीतून नव्हे.

हा प्रकार एकट्या एमआयटीचा नाही. अमेरिकेत बहुतेक मोठ्या विद्यापीठांत ‘रेसिडेन्स हॉल असोसिएशन’ असते. 1954 मध्ये आयोवा स्टेट आणि आसपासच्या काही विद्यापीठांतल्या मुलांनी अशा संघटनांची परिषद भरवली, तिचीच पुढे देशव्यापी संघटना झाली. एक घोटाळा मात्र टाळा. तिथे मजल्यामजल्यावर ‘आरए’ असतो. तोही विद्यार्थीच, पण राहण्या-जेवणाच्या सवलतीवर विद्यापीठाने नेमलेला. तो प्रतिनिधी नव्हे. रात्री गोंगाट झाला तर दार वाजवणारा तो आरए, आणि गोंगाटाची वेळ अकरा असावी की बारा यावर मत मागणारी ती असोसिएशन.

पूर्वी ही दोन्ही कामं एकाच्याच गळ्यात असत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलींच्या वसतिगृहांत स्वशासन संघटना होत्या खऱ्या, पण रात्री किती वाजता परत यायचं याचे नियम राबवायला त्यांनाच बसवलेलं असे. कोण किती मिनिटं उशिरा आली याचा हिशेब मैत्रिणींनीच ठेवायचा आणि शिक्षाही त्यांनीच द्यायची. विद्यापीठ म्हणजे पालक, ही तेव्हाची समजूत. तिला मोठा तडा गेला 1961 मध्ये. वंशभेदाविरुद्ध धरणं धरणाऱ्या विद्यार्थ्यांना अलाबामातल्या एका सरकारी कॉलेजने सुनावणी न घेताच काढून टाकलं होतं. न्यायालयाने सांगितलं की असं करता येणार नाही, मुलांचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागेल. साठचं दशक संपता संपता मुलींच्या वेळा ठिकठिकाणी उठल्या. कित्येक ठिकाणी त्या उठवल्या त्याच संघटनांनी.

पण भाचीच्या सरकारला कुंपण आहे, आणि ते तिला कोणीतरी दाखवलेलं बरं. एमआयटीत सीनियर हाउस नावाचा डॉर्म होता, इमारत 1916 ची. इतरत्र न रुळणारी, जगावेगळी मुलं तिथे रुळत. तिथली बरीच मुलं वेळेत पदवी घेत नाहीत आणि अमली पदार्थांचा वापर होतो, असं कारण देऊन विद्यापीठाने 2016 मध्ये नव्या विद्यार्थ्यांना तिथे प्रवेश बंद केला. 2017 मध्ये डॉर्मच बंद करून इमारत पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दिली. मुलांनी निदर्शनं केली, आकड्यांचा अर्थ असा लावता येत नाही म्हणून वाद घातला. निर्णय हलला नाही. विद्यापीठाची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण खोल्या वाटणारं सरकार घराची मालकी सांगू शकत नाही, हे त्या उन्हाळ्यात सगळ्यांना कळलं.

आपल्याकडेही सगळीच मेस कमिटी नसते. पवईच्या आयआयटीत प्रत्येक हॉस्टेलचं निवडलेलं मंडळ असतं आणि सगळ्या हॉस्टेलांच्या वतीने बोलायला निवडून आलेला जनरल सेक्रेटरी असतो. कर लावण्यापर्यंत मात्र गाडी गेलेली नाही.

आणि हो, भाचीला एक विचारा, तिच्या डॉर्ममध्ये मांजर चालतं का? एमआयटीच्या काही ठरावीक डॉर्ममध्ये चालतं. पण त्यासाठी डॉर्मच्या मंडळात ‘पेट चेअर’ हे वेगळं पद आहे. मांजराला लस टोचली आहे ना, कोणाला केसांची ॲलर्जी नाही ना, शेजाऱ्यांची हरकत नाही ना, हे सगळं त्याने बघायचं आणि मग परवाना द्यायचा. पुढच्या निवडणुकीत भाचीने खजिना सोडून त्या पदाचा अर्ज भरावा असं माझं मत आहे. बोके कर बुडवत नाहीत.