स्पिरुलिनाच्या टाक्या आधी झाका

मृग तोंडावर आलाय आणि बऱ्याच टाक्या अजून उघड्याच आहेत. टाकी कशी बांधायची, दिवसातून किती वेळा ढवळायची हे तुम्हाला पाठ आहे. आज फक्त पावसाचं बोलू.

एका गुंठ्याच्या टाकीत 100 मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर गोडं पाणी आत येतं. मूळ पाणी 20 सेंटिमीटर असेल, तर लिटरला 16 ग्रॅम असलेला खाण्याचा सोडा अकराच्याही खाली उतरतो. टाकी भरून वाहिली तर तुमचं कल्चरही त्याबरोबर गटारात. स्पिरुलिना निर्धास्त वाढते ती 9.5 ते 10.5 पीएचच्या खाऱ्या पाण्यात, कारण तिथं दुसरं फारसं काही तगत नाही. पाणी पातळ झालं, वर चार दिवस ढगाळ गेले, की क्लोरेलासारखी शेवाळं शिरतात आणि मागोमाग रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी.

मागच्या पावसाळ्यात एका शेतकऱ्यानं ‘साहेब, रंग कसा खुललाय बघा’ म्हणून मुद्दाम बोलावलं. काढणीच्या कापडातून पाणी गाळलं. कापडावर चोथा जेमतेम आणि खाली बादलीतलं पाणी पोपटी! स्पिरुलिनाचे तंतू कापडावर अडकतात, क्लोरेला निसटते. त्यातून सोडा वाचवायचा म्हणून हेच गाळलेलं पाणी ते बाकीच्या टाक्यांत सोडत होते. एका टाकीची घाण सगळीकडे पसरली. बादलीतलं पाणी रोज बघा. हिरवं दिसलं तर ते दुसऱ्या टाकीत अजिबात जाता कामा नये, ढवळायचा दांडाही नाही.

आणि अशा बिघाडावर टाकता ती गोमूत्र, जीवामृत, हळदीची औषधं बंद करा. माणसानं खायचं पीक आहे हे. मोरचूद टाकाल तर आधी स्पिरुलिनाच मरेल. नुसता खाण्याचा सोडा ओतूनही पीएच चढत नाही, त्याचा स्वतःचाच 8.3 च्या आसपास असतो. फूड ग्रेड सोडियम कार्बोनेट पाण्यात विरघळवून थोडं थोडं द्या आणि दर वेळी पीएच मोजा.

   

टाकीवरच्या छपराला पारदर्शक प्लॅस्टिक, उतार देऊन. काळी ताडपत्री नको, उजेड अडतो. शुद्ध कल्चरचा एक टब घराच्या पडवीत, उजेडात, वेगळा ठेवा. टाकी पार बिघडली तर रिकामी करा, ब्लीचिंगनं धुऊन कडक वाळवा आणि त्या टबातून नव्यानं लावा.