प्रोग्रॅम नेटवर्क कार्डाला हात का लावू शकत नाही?

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, आपल्या मनवेलपाड्यातल्या सोसायट्यांमधला पाण्याचा व्हॉल्व्ह आठवा. पाणी सगळ्यांना हवं, पण व्हॉल्व्ह फिरवायचा वॉचमननेच. जो तो फिरवू लागला तर चौथ्या मजल्यावर थेंब पोहोचायचा नाही!

संगणकातही तसंच आहे. नेटवर्क कार्ड एक आणि ते वापरणारे प्रोग्रॅम अनेक. ब्राउझर असो की मुलांचा गेम, कार्डाला थेट कोणीच हात लावत नाही. कार्ड हाताळतो तो ड्रायव्हर. तो चालतो ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये. विंडोज तिथे कार्डासाठी एक 'डिव्हाइस ऑब्जेक्ट' ठेवते. बाहेरच्या प्रोग्रॅमने नाव सांगून विनंती करायची. परवानगी असेल तर त्याला 'हँडल' मिळतं. हे टोकन नंबरासारखं, पुढचं सगळं मागणं त्या नंबरावर. (लिनक्समध्ये गंमत आहे: हार्ड डिस्कला फाइलसारखं नाव मिळतं, नेटवर्क कार्डाला नाही. तिथे सॉकेटमधूनच जावं लागतं.)

हे वर्गात करून दाखवता येतं. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजी अक्षरांत 'गेटमॅक' टाइप करा (जी-ई-टी-एम-ए-सी, सलग). सहा जोड्यांचा एक क्रमांक येईल. हा कार्डाचा 48 बिटांचा मॅक पत्ता. पहिल्या तीन जोड्यांवरून सहसा कार्ड बनवणारी कंपनी कळते. आता मुलांच्या साध्या खात्यातून तेच कार्ड बंद करायला सांगा. लगेच अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागेल. म्हणजे माहिती विचारायला हरकत नाही, बदल करायला आहे. फळ्यावर अर्धा तास समजावून जे कळत नाही, ते इथे मिनिटात कळतं.

आता पालकांसाठी. गेम टाकताना 'बदल करू द्यायचे का?' अशी खिडकी येते आणि मुलं न वाचता 'येस' दाबतात. खरं सांगायचं तर आपणही! त्या एका 'येस'वर तो प्रोग्रॅम स्वतःचा ड्रायव्हर गाभ्यात बसवू शकतो. वायरशार्कसोबत एनपीकॅप हा ड्रायव्हर बसतो तो असाच, म्हणून कार्डावरून ये-जा करणारी डेटाची पाकिटं त्यात दिसतात. शिकायला उत्तम साधन आहे, पण तीच ताकद अनोळखी गेमला कशाला द्यायची?

गाभ्यातली चूक महागात पडते. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले; मुंबई विमानतळावरही काही कंपन्यांना हाताने चेक-इन करावं लागलं. साधा प्रोग्रॅम बिघडला असता तर तेवढाच बंद पडला असता.

घरच्या संगणकावर मुलांचं खातं 'स्टँडर्ड' करून ठेवा. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स'खाली हे होतं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मात्र तुमच्याकडेच राहू द्या.