ताट सगळ्यांबरोबर लाव

ओतूर, ता. जुन्नर
मार्गशीर्ष

चि. सौ. ताईस,


तुझ्या रिपोर्टचा फोटो मिळाला. उपाशीपोटी साखर 168, जेवणानंतर 262 आणि एचबीएवनसी 8.4. हा शेवटचा आकडा मागच्या साधारण तीन महिन्यांचा हिशेब सांगतो, म्हणजे हे एका दिवसाच्या गोडाधोडाचं काम नव्हे. फोनवर तू म्हणालीस, ‘आत्या, आता माझं वेगळं शिजवायचं, वेगळं खायचं, घरात मी एकटी पडणार.’ ते ऐकल्यापासून मला चैन नाही. आरोग्य केंद्रात नोकरी करताना साखरेची किती माणसं पाहिली, त्यावरून सांगते. या दुखण्यात वेगळं ताट लागत नाही. घरातलं ताटच नीट करायचं आणि त्यावर तू सगळ्यांबरोबर, वेळेवर बसायचं. बाकी काही विसरलीस तरी एवढं धरून ठेव.

‘मी एवढी काटकुळी, शेतात राबते, मला कशी साखर?’ हा तुझा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडलं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या काही खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं जन्मताना सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे हातपाय बारीक, स्नायू कमी, पण अंगातली चरबी मात्र त्या मानाने कमी नाही. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला होता. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. वरून बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या पोटात चरबी लपलेली असते, ती अशी. त्यात धाकट्याच्या वेळी, सातव्या महिन्यात तुझी साखर वाढली होती आणि बाळंतपणानंतर उतरली, म्हणून सगळे निर्धास्त झाले. गरोदरपणात ज्यांची साखर वाढते त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो. तेव्हा यात तुझ्या खाण्याचा किंवा वागण्याचा गुन्हा शोधत बसू नकोस. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाची 10 कोटींवर माणसं निघाली. तू एकटी नाहीस.

आता खरी गोष्ट. गेल्या पावसाळ्यात भातलावणीच्या वेळी मी घोडेगावला तुझ्याकडे राहिले होते. सकाळी कपभर गोड चहा आणि दोन टोस्ट, एवढ्यावर तू कामाला लागलीस. पोरांचे डबे, गाईंची धार, पुरुषांची न्याहारी, लावणीच्या बायकांच्या भाकरी. दुपारी सासूबाईंना वाढलंस, तेवढ्यात पाहुणा आला, त्याला वाढलंस. तू चुलीपुढे बसलीस तेव्हा तीन वाजून गेले होते. भाजी संपलेली, कालवणाचा नुसता तळ राहिलेला. पातेल्यात भात होता, तोच तू पोटभर खाल्लास, कारण पोटात आग पडली होती. आपल्याकडच्या बहुतेक घरांत बाई अशीच जेवते आणि त्याला कोणी आजाराचं कारण म्हणत नाही. पण दिवसभराचा उपास आणि मग नुसत्या भाताचा डोंगर, यानं साखर जेवढी उसळते तेवढी चार माणसांत बसून खाल्लेल्या पुरणपोळीच्या तुकड्यानं उसळत नाही.

आणि आता तर तुला गोळी सुरू झाली आहे. तुझ्या चिठ्ठीवर मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड आहे. ही दुसरी गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते. पोटात अन्न आहे की नाही हे तिला कळत नाही. गोळी घेतलीस आणि न्याहारी राहिली, की साखर घसरणार. दरदरून घाम, हातपाय थरथरणं, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, उगाच चिडचिड, ही तिची लक्षणं. म्हणून नियम असा की आधी ताट समोर, मग गोळी. तरी घसरलीच, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच पी, पंधरा मिनिटं बस, साखर मोजून बघ. 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच घे. बरं वाटलं की भाकरी किंवा दूधपोळी खा. साखरेची पुडी पदराला नाहीतर पिशवीत कायम असू दे, शेतात जाताना तर हवीच. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. हे जावईबापूंना, सासूबाईंना आणि थोरलीला माहीत पाहिजे. तुझी साखर उतरली तर तुला स्वतःला ते कळेलच असं नाही.

ताटाचं सांगते. आपल्याकडे दोन जाड भाकरी, मूठभर भात आणि तोंडी लावायला चमचाभर भाजी अशी रीत. ती उलटी करायची. अर्धं ताट भाजी आणि काकडी, मुळा, कांद्याची पात, टोमॅटो. पाव ताट मटकीची उसळ, हुलग्याचं कालवण किंवा घट्ट वरण. उरलेल्या पावात भाकरी नाहीतर भात. बाजरीची भाकरी चांगली, पश्चिमेकडची नाचणीही चांगली, पण भाकरी म्हणजे औषध नव्हे. एका जाड भाकरीला दोन पोळ्यांचं पीठ लागतं. आधी भाजी-उसळ खा, भाकरी मागून घे, म्हणजे साखर हळू चढते. यातलं काही तुझ्या एकटीसाठी नाही. असं ताट सासऱ्यांच्या रक्तदाबाला मानवेल आणि पोरांच्या वाढीलाही. मासवडीचा बेत करायचा तर खुशाल कर. बेसन घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, आत भाजलेल्या तिळाचं, सुक्या खोबऱ्याचं, लसणाचं सारण भरून गुंडाळी करायची नि वड्या कापायच्या. हे आपल्या जुन्नर-आंबेगावचं मानाचं जेवण, त्यात साखरेचा कण नाही. रश्श्यावरचा तेलाचा तवंग तेवढा कमी ठेव आणि भाकरी एकच घे. चंपाषष्ठीचं वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगाही तुला चालतो.

चहाचं मात्र कडक धोरण ठेव. आपल्या घरी पातेल्यातच साखर पडते आणि आल्यागेल्याबरोबर दिवसात पाच कप होतात. कपाला दोन चमचे धरले तर चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून गेली. पातेल्यात साखर टाकायचीच बंद कर. ज्याला हवी त्यानं कपात घ्यावी. महिन्याभरात जिभेला सवय होते आणि घरातले बाकीचेही कमी घ्यायला लागतात. गूळ चालतो, काकवी चालते, असं तुला दहा जणी सांगतील. आपला मुलुख उसाचा, विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचे हंगाम सुरू झाले की रस, गूळ, काकवी घरोघर. पण रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर यांत फरक राहत नाही. पुढे नारायणगावची द्राक्षं येतील. घड समोर घेऊन बसू नकोस, दहा-बारा मणी वाटीत काढून घे आणि तेवढेच खा.

उपासांचं तू विचारलंस. मार्गशीर्षातले गुरुवार आणि एकादशी तुला मोडवत नाहीत, हे मी जाणते. पण दिवसभर कोरडं राहून रात्री सोडायचं व्रत या गोळ्यांबरोबर धोक्याचं आहे. दर उपासाच्या आधी गोळीचं डॉक्टरांना विचार, मनानं गोळी बंद करू नकोस. साबुदाणा, बटाटा, रताळं यांत पिष्टच फार, त्यानं साखर चढते. वाटीभर भगर, शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, दही असं दोन-तीनदा थोडं थोडं घे. शंभर वर्षांपूर्वी इन्सुलिन हाती नव्हतं तेव्हा या रोग्यांना उपाशी ठेवणं हाच उपाय होता. 1922 च्या जानेवारीत टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं आणि ते दिवस सरले. देवाला तुझी भक्ती हवी, तुझी चक्कर नको. ओझरला गणपतीचा मोदक हातावर आला तर चिमूटभर घे, बाकीचा पोरांत वाट. यात्रेत पंगतीला जरूर बस, आमटी-भाकरी खा. पंगत सोडून कोपऱ्यात बसायचं काही कारण नाही.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललीस तर साखरेला चांगला उतार पडतो. शेतातलं काम हे काम असतं, पण त्यात वाकणं जास्त आणि सलग चालणं कमी, म्हणून वेगळं चाल. सध्या ऊस उभा आहे आणि बिबट्याचं भय आपल्या दोन्ही तालुक्यांत दारापर्यंत आलं आहे. तेव्हा दिवस मावळल्यावर बांधावर किंवा रस्त्यावर फिरायला जायचं नाही. रात्रीचं जेवण दिवेलागणीला उरका आणि घरातल्या घरात, ओटीवर येरझाऱ्या घाला, सगळ्यांनी मिळून. पायात चप्पल कायम हवी. उसाच्या खोडक्या, बाभळीचा काटा, कांदा लावतानाचा चिखल, सगळ्यांनी पायाला इजा होते. मधुमेहात पाय बधिर होतात आणि इजा झालेली कळतच नाही. रोज रात्री तळवे, टाचांच्या भेगा, बोटांच्या बेचक्या बघायला थोरलीला सांग. टाचांना खोबरेल लाव, बेचक्यांत लावू नको. अंघोळीच्या पाण्यात पाय घालायच्या आधी कोपर बुडवून बघ.

तपासण्यांचं वेळापत्रक भिंतीवर लाव. एचबीएवनसी आता दर तीन महिन्यांनी, ती 7 च्या आसपास आणायची. उपाशीपोटी 80 ते 130 आणि जेवणानंतर दोन तासांनी 180 च्या आत, हे साधारण लक्ष्य. तुझ्यासाठी नेमकं किती ते डॉक्टर ठरवतील. वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि डोळ्यांचा पडदा. डोळ्यांसाठी नारायणगावला मोहन ठुसे नेत्र रुग्णालयात जा. तिथल्या डॉ. मनोहर डोळे यांच्या सेवेला 2013 साली पद्मश्री मिळाली. आणखी एक, तुमचं घर माळकरी. मटण-मासे नाहीत आणि त्यात मेटफॉर्मिन बराच काळ घेतलं की बी-12 कमी होतं. पायाला मुंग्या येतात त्या दर वेळी साखरेच्याच असतात असं नाही. बी-12 तपासून घे आणि दूध-दही चुकवू नको. गोळ्यांचा खर्च अंगावर येतो म्हणून दिवसाआड घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तसं करू नकोस. आरोग्य केंद्रात नोंद झाली की तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या सरकारकडून मोफत असतात. आशाताईला विचार, घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय जवळ आहे, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. कारल्याचा रस नि जांभळाच्या बियांची पूड घेऊन साखर मुळासकट जाते, असं सांगणारा कोणीतरी लवकरच दारात येईल. कारल्याची भाजी जरूर खा, पण त्याच्या शब्दावर गोळी सोडू नको.

आता घरच्यांचं. ‘सगळ्यांचं झाल्यावर जेवते’ हे वाक्य आजपासून तुझ्या तोंडी नको. पानं मांडताना तुझंही पान मांड. सगळं मधे ठेव, ज्याला जे हवं ते त्यानं वाढून घ्यावं. सासूबाईंना सुरुवातीला खटकेल. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांनाच विचार, ‘आई, गोळी घेऊन मी उपाशी राहिले तर चक्कर येते, माझ्या न्याहारीची आठवण तुम्ही ठेवाल का?’ घरातल्या मोठ्या माणसावर जबाबदारी टाकली की ते विरोधात उभं राहत नाही. जावईबापूंचं वय तिशीपुढचं, पोट सुटलेलं, त्यांनीही साखर तपासून घ्यावी. थोरली वयात येते आहे, तिच्या ताटात दूध, डाळ, पालेभाजी कमी पडू देऊ नकोस. याज्ञिकांच्या अभ्यासाचा सांगावा तोच आहे, पुढच्या पिढीचा मधुमेह आजच्या मुलींच्या आणि आयांच्या ताटात अडवायचा.

हे पत्र कपाटात ठेवू नकोस. रात्री सगळे जेवायला बसले की थोरलीला मोठ्यानं वाचायला सांग आणि तुझ्या न्याहारीची वेळ तिथेच सगळ्यांच्या तोंडून ठरवून घे. ठरली की मला फोन कर. घरी वडीलधाऱ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या