आफ्रिकेच्या जंगलसफरीला जाताना आणि आल्यावर

पूर्वी आपल्या भागात जंगल पाहायचे म्हणजे मेळघाट, नाहीतर बोथ्याकडचे ज्ञानगंगा अभयारण्य. आता मुलगा-सून मुंबईला किंवा परदेशी नोकरीला असली की ती आईवडिलांना थेट केनियाला सिंह दाखवायला नेतात. नांदुऱ्यासारख्या गावातूनही अशी मंडळी जाऊ लागली आहेत. जाण्यापूर्वी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो, "डॉक्टर, तिकडचे खाणे आम्हांला मानवेल का?" खाणे सहसा मानवते. काळजी करायची ती डासांची.

प्रवास असा असतो. मुंबईहून नैरोबी, तेथल्या विल्सन विमानतळावरून दहा-बारा आसनांचे छोटे विमान आणि तास-पाऊण तासात मसाई माराच्या मोकळ्या रानातली मातीची धावपट्टी. पुढे मुक्काम लॉजमध्ये किंवा तंबूत. तंबूत पलंग, गरम पाणी, सारे काही असते. नसते ते जवळपास मोठे रुग्णालय. म्हणून बरीचशी तयारी घरूनच करून निघावे लागते.

पहिली गोष्ट पीतज्वराची लस. हा रोग आपल्या देशात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, आपल्या घराघरांत आहे. बाहेरून एखादा रुग्ण आला तर काय होईल, या भीतीने आपले सरकार फार कडक आहे. केनियाहून परतणाऱ्याजवळ लसीचा दाखला नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. दाखला लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतो. निघायच्या आठवड्यात धावपळ करणाऱ्यांचे येथेच अडते. ही लस आपल्या गावी कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. ती फक्त अधिकृत केंद्रांवर, आधी नाव नोंदवून मिळते. मुंबईला विमानतळाच्या आरोग्य विभागाचे केंद्र आहे. निघण्याच्या महिनाभर आधी हे काम उरकावे. लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. अंड्याची तीव्र ॲलर्जी, कर्करोगाचे उपचार, गर्भारपण असेल तर आधी स्पष्ट सांगावे. साठी उलटलेल्यांनी पहिल्यांदाच लस घेताना प्रकृती तपासून घ्यावी, कारण या वयात क्वचित गंभीर त्रास होतो.

आता हिवताप. माझ्या मते खरा धोका हाच, आणि लोक सर्वांत हलक्याने घेतात तोही हाच. आपल्याकडे व्हायवॅक्स जातीचा हिवताप पुष्कळांनी भोगलेला असतो. थंडी वाजली, घाम आला, गोळ्या घेतल्या, उठून कामाला लागले. आफ्रिकेतला हिवताप मुख्यतः फॅल्सिपेरम जातीचा. तो मेंदूवर, मूत्रपिंडावर जातो आणि उपचाराला उशीर झाला तर दोन-तीन दिवसांत माणूस दगावू शकतो. आपली जुनी क्लोरोक्विनची गोळी तिकडे चालत नाही. प्रतिबंधासाठी डॉक्सीसायक्लिन रोज एक, किंवा मेफ्लोक्विन आठवड्याला एक, असे पर्याय आहेत. फिट येणाऱ्यांना आणि मानसिक आजार असलेल्यांना मेफ्लोक्विन देत नाहीत, तेव्हा निवड डॉक्टरांवरच सोडावी. डॉक्सीसायक्लिन जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी, लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिका जळते. या दोन्ही गोळ्या परतल्यावर आणखी चार आठवडे चालू ठेवायच्या असतात.

येथेच माणसे चुकतात. आमचे एक निवृत्त गुरुजी परतले आणि "आता इथे कुठला आफ्रिकेचा डास?" म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. अकराव्या दिवशी ताप भरला. घरच्यांनी व्हायरल समजून दोन दिवस पॅरासिटामॉल दिली. गुरुजी बरळू लागले तेव्हा माझ्याकडे आणले. प्रवासाचे कोणी बोललेच नाही, मीच विचारले तेव्हा सूनबाई सहज म्हणाल्या, "हो, केनियाला जाऊन आले ना." रक्त तपासले, फॅल्सिपेरम निघाला. लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले, आर्टेसुनेटची इंजेक्शने मिळाली, वाचले. डास तिकडे चावला तरी जंतू आधी यकृतात दडून बसतो. ताप आठवड्यानंतर, बहुधा महिन्याच्या आत आणि कधी त्याहूनही उशिरा येतो. म्हणून परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर दवाखान्यात शिरताच "आफ्रिकेहून आलोय" हे पहिले वाक्य असावे. रक्ताची पहिली तपासणी कोरी आली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा करून घ्यावी.

संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला डास पळवणारे मलम आणि झोपताना मच्छरदाणी हे आहेच. कपडे मात्र गडद निळे-काळे नकोत. त्या रंगांकडे त्सेत्से माशी ओढली जाते आणि तिच्या चाव्याने निद्रारोग होतो. प्रवाशांत तो फार विरळ, तरी २०१२ साली मसाई मारात गेलेल्या प्रवाशांना झालेला आहे. जाता जाता सांगतो, याच जंतूचा एक भाऊबंद आपल्या गुरांना सर्रा नावाचा रोग देतो, आणि २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यालाही त्याने गाठले होते.

छोट्या विमानात सामान साधारण १५ किलोच, तेही मऊ पिशवीत नेता येते. वजन भरले की माणसे औषधाचीच पिशवी मागे ठेवतात. तसे करू नये. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या पुऱ्या मुक्कामाच्या आणि वर चार दिवसांच्या, हातातल्या पिशवीत असाव्यात. इन्सुलिनही तेथेच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सर्दीने कान गच्च असतील तर विमान चढता-उतरताना कान फार दुखतो. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी किंवा रक्त फार कमी असलेल्यांनी आधी तपासून घ्यावे. मणक्याचे दुखणे असलेल्याने जीपमध्ये मागच्या नव्हे, मधल्या बाकावर बसावे.

रात्री तंबूबाहेर पाऊल टाकायचे झाले तर रखवालदाराला बोलवावे. पाणघोडे रात्रीच चरायला निघतात. आणि विमा उतरवताना रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, ते वाचून पाहावे. नैरोबीत १९५७ पासून 'फ्लाइंग डॉक्टर्स'ची सेवा आहे, ती रानातल्या धावपट्टीवरूनही रुग्ण उचलते. पीतज्वराचे पिवळे कार्ड परतल्यावर फेकू नका. २०१६ पासून ते जन्मभर चालते.