फोन पुसण्याआधी

रात्री तुझा आवाज ऐकूनच कळलं, काहीतरी उघडून बसली आहेस. नुसता मेल वाचला असशील तर निवांत झोप. परतावा मंजूर झाला, पार्सल अडकलं, वीज तोडणार, असले मेल वाचल्याने फोनला सहसा काही होत नाही. लिंक दाबून पासवर्ड दिला असशील तर बिचारा फोन धडधाकट आहे, गेला तो पासवर्ड; तो लगेच बदल. पण मेलमधली 'एपीके' फाइल उतरवलीस, फोनने बजावूनही 'परवानगी द्या' दाबलंस, तर चोर घरात शिरलाय असंच धरून चाल.

आधी एअरप्लेन मोड. वाय-फाय कधीकधी तरीही चालूच राहतं, ते हाताने बंद कर. मग काकांचा फोन घे आणि त्यावरून बँकेला सांगून कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय थांबव. पैसे गेले असतील तर त्याच दमात १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, लाव. पासवर्डही काकांच्याच फोनवरून बदल. आपल्या फोनवर बदललास तर नवा पासवर्ड चोराला घरपोच, कारण पडदा आणि ओटीपीचे मेसेज तोही वाचत असतो.

आता माझं ऐक, हसू नकोस. गेल्या जुलैत, रिटर्न भरायच्या दिवसांत, मीही अशीच फाइल उघडली. शेजारचा मुलगा म्हणाला, "मावशी, फॉरमॅट मारू." मारला. फोन नवा कोरा झाला, मी चहा टाकला. तिसऱ्या दिवशी अठरा हजार गेले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या बाईला हे सुचू नये? कॉल दुसरीकडे वळवायची सूचना फोनमध्ये नसतेच, ती कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेली असते. फोन पुसला तरी ती तशीच राहते. ओटीपी सांगणारा बँकेचा कॉल माझ्याकडे नाही, चोराकडे वाजत होता. पासवर्ड त्याने आधीच टिपला होता आणि मी तो बदललाच नव्हता.

म्हणून तुझं सिम काकांच्या फोनमध्ये टाकून *#२१# लावून बघ, कॉल कुठे वळवलेत का ते दिसतं. वळवले असतील तर ##००२# ने रद्द होतात. काही कंपन्यांचे आकडे वेगळे असतात. नाहीच जमलं तर त्यांच्या ग्राहकसेवेला सांग.

मग साफसफाई. सेटिंग्जमधली अ‍ॅप्सची पूर्ण यादी वाच, कारण या पाहुण्याचं चित्र पडद्यावर दिसेलच असं नाही. 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'त अनोळखी नाव दिसलं तर बंद कर. ही सोय दृष्टी अधू असलेल्यांसाठी केलेली. चोर तिच्यातूनच पडदा वाचतो आणि आपल्या वतीने बटणंही दाबतो. 'अनइन्स्टॉल' फिकट दिसत असेल तर 'डिव्हाइस अ‍ॅडमिन'मध्ये त्या अ‍ॅपची खूण काढ, मग ते निघेल. तरी हटत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू कर. तिथे आपण टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत, त्यामुळे काढता येतात. शेवटी प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट फिरव. एवढं करूनही मन खात असेल तर खुशाल फॉरमॅट मार, पण फोटो आणि नंबर आधी काढून ठेव. तो मेल, ती फाइल, बँकेचे मेसेज यांचे स्क्रीनशॉटही ठेव. तक्रार लिहून घेणारा तेच मागतो, आणि माझ्याकडे दाखवायला काही उरलंच नव्हतं.

फोन तापतो म्हणून व्हायरस, हे मात्र डोक्यातून काढ. तुझा तो चार वर्षांचा डबा मे महिन्यात तापणारच.

आणखी एक. 'तुझा कॅमेरा माझ्या ताब्यात आहे, बिटकॉइन पाठव' असा मेल आला आणि त्यात तुझा जुना पासवर्ड लिहिलेला असला, तरी घाबरू नकोस. तो कुठल्यातरी वेबसाइटच्या फुटलेल्या यादीतून उचललेला असतो. पैसे पाठवायचे नाहीत, उत्तर द्यायचं नाही. तो पासवर्ड अजून कुठे वापरत असशील तर तेवढा बदल.

आणि १९३० हा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर चिकटव. फोनमध्ये सेव्ह केलास आणि फोनच बंद करून बसलीस, तर आयत्या वेळी कुठे शोधशील?