ज्ञापकत्व आणि अभीरुत्व : आत्महत्येच्या विचारांविषयी मनोचिकित्सकाशी मोकळेपणा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात रुग्णाचे चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. यांपैकी ज्ञापकत्व म्हणजे आपली पीडा वैद्यास यथार्थपणे सांगण्याची क्षमता. ज्वर, अतिसार किंवा संधिशूल यांबाबत हा गुण बहुतेक रुग्णांत आढळतो. मात्र ‘जीव द्यावासा वाटतो’ हे वाक्य उच्चारताना तोच रुग्ण मुका होतो. पुष्कळदा तो आपल्याजवळ अर्धे बोलतो आणि मनोविकारतज्ज्ञापुढे बसल्यावर केवळ ‘झोप येत नाही’ एवढेच सांगतो. त्यामुळे चिकित्सा निद्रानाशाची होते आणि खरा धोका अस्पर्शित राहतो. हे मौन का निर्माण होते व ते दूर करण्यात वैद्य आणि औषधविक्रेता यांचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाची व्याप्ती

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतील २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. देशातील एकूण मृतांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक व्यक्ती रोजंदारीवर काम करणाऱ्या होत्या. भिवंडीच्या वैद्यांना या शेवटच्या आकड्याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. यंत्रमागावरील बारा तासांची पाळी, आलटून पालटून येणारे रात्रीचे जागरण, गावी राहिलेले कुटुंब, सुताच्या भावाबरोबर हेलकावणारी मजुरी आणि एकाच खोलीत अनेकांचा मुक्काम, असे अनेकांचे जीवन आहे. अशा माणसास मन मोकळे करण्यास जागाच उरत नाही. तो आपल्याकडे येतो तो अजीर्ण, शिरःशूल, अंगमर्द, अनिद्रा अशा तक्रारी घेऊन. विषादाची गणना चरकाने ऐंशी नानात्मज वातविकारांत केली आहे आणि रोग वाढविणाऱ्या भावांत त्यास अग्रस्थान दिले आहे, याचे स्मरण अशा वेळी ठेवावे.

मौनाची कारणे

पहिले कारण म्हणजे कायद्याचे भय. भारतीय दंडविधानाच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. या कलमाविरुद्धचा एक महत्त्वाचा निर्णय महाराष्ट्रातच झाला. मारुती श्रीपती दुबळ विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. प्रकरणातील व्यक्ती मुंबई पोलीस दलातील शिपाई होती व अपघातानंतर तिला मानसिक व्याधी जडली होती. अशा व्यक्तीस शिक्षेची नव्हे, तर उपचारांची गरज असते, ही दृष्टी त्या निर्णयामागे होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तोच पक्ष स्वीकारला, परंतु १९९६ मध्ये ग्यान कौर प्रकरणात घटनापीठाने कलम पुन्हा वैध ठरविले. पुढे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ ने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे, उलट सिद्ध न झाल्यास, गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आणि तिच्या उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ नाही. लोकसेवकावर दबाव आणण्याच्या हेतूने केलेला प्रयत्न मात्र कलम २२६ खाली अद्याप गुन्हा आहे. मनात येणारा विचार डॉक्टरांना सांगणे हा तर पूर्वीही गुन्हा नव्हता व आजही नाही. हे रुग्णास स्पष्ट शब्दांत सांगावे.

दुसरे कारण म्हणजे कोंडून ठेवले जाण्याचे भय. आत्महत्येचे विचार असणाऱ्या अनेक रुग्णांवर बाह्यरुग्ण म्हणून उपचार होऊ शकतात. संमतीविना दाखल करण्यासाठी २०१७ च्या कायद्याच्या कलम ८९ मध्ये कठोर अटी आहेत. रुग्णाने नजीकच्या काळात स्वतःस इजा करण्याची धमकी देणे किंवा तसा प्रयत्न करणे यांसारखी गंभीर स्थिती असावी लागते. एक मनोविकारतज्ज्ञ व दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा वैद्यकीय व्यावसायिक यांनी स्वतंत्रपणे तपासणी करावी लागते आणि प्रारंभीची मुदत तीस दिवसांपलीकडे जात नाही.

तिसरे कारण म्हणजे बभ्रा होण्याचे भय. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर उघड करू नयेत, असा दंडक चरकाने विमानस्थानात शिष्यास घालून दिला आहे. २०१७ च्या कायद्याचे कलम २३ हाच गोपनीयतेचा हक्क देते. त्यास अपवाद आहेत, उदाहरणार्थ जीवितास धोका टाळण्यासाठी आवश्यक तेवढीच माहिती देता येते. हा अपवाद रुग्णास आधीच सांगावा. ‘कुणालाही, कधीही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते मोडावे लागल्यास विश्वासही मोडतो.

प्रश्नपरीक्षा

विचारल्याने आत्महत्येची कल्पना रुग्णाच्या डोक्यात शिरेल, ही समजूत निराधार आहे. थेट व सहानुभूतीने विचारल्यास बहुतेकांना हायसे वाटते. प्रश्न पायरीपायरीने न्यावेत : ‘जगण्याचा कंटाळा आला आहे का?’, ‘जीव द्यावा असे विचार येतात का?’, ‘तसे काही ठरविले आहे का?’, ‘पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का?’, ‘कशामुळे आजवर थांबलात?’ शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चिकित्सेतील मोठा आधार ठरते. रुग्णास एकटे बसवून, नातेवाइकांच्या अनुपस्थितीत आणि त्याच्या भाषेत विचारावे. ‘असले काही मनात नाही ना?’ असे नकार सुचविणारे वाक्य टाळावे. उपदेश, धाक किंवा पापपुण्याची चर्चा यांमुळे रुग्ण पुन्हा मिटतो.

विचार आहे पण योजना नाही, अशा रुग्णास लवकरात लवकर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे व तोवर जवळचा माणूस सोबत असावा. योजना किंवा सिद्धता असल्यास ती आत्ययिक अवस्था समजावी. रुग्णास क्षणभरही एकटे न ठेवता सोबत देऊन त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचवावे.

मनोचिकित्सकापुढे काय सांगावे

येथे वैद्याने दुव्याचे काम करावे. रुग्णाच्या संमतीने चिठ्ठी लिहावी आणि ‘अनिद्रा’ या शब्दाआड खरी गोष्ट झाकू नये. रुग्णाकडून एक वाक्य तयार करून घ्यावे, जसे : ‘डॉक्टर, मला पंधरा दिवसांपासून जीव द्यावासा वाटतो, हे सांगायला मला भीती वाटते.’ बोलणे जड जात असल्यास तेच कागदावर लिहून पुढे ठेवावे. विचार केव्हा तीव्र होतात, मद्यपान किती आहे, पूर्वीचा प्रयत्न, घरातील कुणाचा इतिहास आणि सध्या चालू असलेली सर्व औषधे, आपली आयुर्वेदीय औषधेही धरून, सांगण्यास बजावावे. विचार बळावल्यास पुढील तारखेची वाट न पाहता पुन्हा जाण्यास सांगावे. मनोविकारतज्ज्ञाने दिलेली औषधे आपण परस्पर बंद करू नयेत. सत्त्वावजय ही त्या उपचारांची सहकारी चिकित्सा आहे, त्यांचा पर्याय नव्हे. २०१७ च्या कायद्याने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांचा समावेश मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत केला आहे. या मान्यतेबरोबर आपली जबाबदारीही वाढली आहे.

औषधविक्रेत्यांसाठी

नेहमीचे गिऱ्हाईक अकस्मात अधिक मात्रेत औषध मागू लागले, चिठ्ठीविना झोपेचे औषध मागू लागले किंवा निरवानिरवीची भाषा बोलू लागले तर दुर्लक्ष करू नये. बाजूस घेऊन विचारपूस करावी व वैद्यास कळवावे. अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेली औषधे चिठ्ठीवाचून देऊ नयेत. जोखमीच्या रुग्णास कोणतेही औषध थोड्या दिवसांचेच द्यावे व ते घरातील जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात ठेवण्यास सांगावे.

शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा निःशुल्क क्रमांक १४४१६ अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठी, हिंदी, तेलुगू, उर्दू अशा भाषांत बोलता येते. १९०१ पासून कार्यरत असलेले ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे. हा क्रमांक व रुग्णालयाचा पत्ता प्रत्येक चिकित्सालयात व दुकानाच्या फलकावर लावावा.

ज्ञापकत्व हा रुग्णाचा गुण खरा, परंतु अभीरुत्वाची साथ नसेल तर तो प्रकट होत नाही. भय घालविणे हे वैद्याच्या हाती आहे. रुग्ण आपल्यापुढे जे बोलू शकला तेच तो पुढच्या दारातही बोलू शकेल, एवढी खातरजमा केल्याशिवाय त्याची चिठ्ठी पूर्ण झाली असे समजू नये.